सूर मारल्यानंतरची दुपार

प्रश्न थोडक्यात असा: ‘माझे बाबा ६४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मे महिन्यात गावी नातवंडांना पोहायला शिकवताना त्यांनी विहिरीत सूर मारला, चार हात मारून वर आले आणि अर्ध्या तासात “आपण गावी कधी आलो?” असं विचारायला लागले. उत्तर दिलं की दोन मिनिटांनी पुन्हा तेच. त्याच दुपारी भावकीत वाटणीची बैठक होती. बाबा बसले, काकांच्या प्रस्तावाला “चालेल” म्हणाले, कच्च्या कागदावर सहीही केली. संध्याकाळी पाचनंतर हळूहळू ठीक झाले. आज त्यांना ती दुपार अजिबात आठवत नाही. काका म्हणतात, सोंग आहे. आत्या म्हणते, विहिरीतल्या आसरा लागल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी “मेंदूचा लहानसा अटॅक” म्हटलं. तिसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये मेंदूतल्या डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक ठिपका आलाय. ती दुपार त्यांना परत आठवेल का? शुद्धीत असलेल्या माणसाच्या मेंदूत नोंद होतच नाही, असं कसं? आणि ही अल्झायमरची सुरुवात तर नाही ना?’

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घरातल्यांची झोप त्याच्यावरच अडलेली असणार. नाही, अल्झायमर असा येत नाही. तो दुपारी सुरू होऊन संध्याकाळी पाचला संपत नाही. मी तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन आणि तो ठिपका एकत्र ठेवले तर कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट पहिलं नाव घेईल ते ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशियाचं. बोस्टनच्या मिलर फिशर आणि रेमंड अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये हे नाव दिलं आणि १९६४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. मराठीत तात्पुरता स्मृतिलोप म्हणू. साधारण पन्नाशी ते सत्तरीतल्या माणसाला होतो, काही तास राहतो, चोवीस तासांच्या आत जातो आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो.

दुसरं उत्तर मात्र थोडं कडू आहे. ती दुपार परत येणार नाही. सहा महिन्यांनी नाही, औषधानं नाही, बदामानं नाही, संमोहनानं तर नाहीच.

असा माणूस त्या तासांत जवळून कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे काकांनाही समजेल. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी गच्चीवर पाण्याची टाकी ओढून सरकवत होते. खाली आले आणि बायकोला विचारलं, ‘आज कुठला वार?’ कॅज्युअल्टीत मी पोचलो तेव्हा ते खाटेवर व्यवस्थित बसले होते. नाव, जन्मतारीख, नोकरी कुठे-कुठे केली, सगळं बरोबर. मला ‘नमस्कार डॉक्टर’ म्हणाले. मी तीन शब्द दिले: कांदा, टॉवेल, पिवळा. त्यांनी लगेच म्हणून दाखवले. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. बँकेतला माणूस, माझ्यापेक्षा जलद. मग विचारलं, ‘मघाचे शब्द?’

‘कुठले शब्द?’

यात सगळं आलं. साधा विसरभोळा माणूस म्हणेल, ‘कांदा होता… दुसरा काय बरं…’ यांना शब्द दिले गेले होते हेच ठाऊक नव्हतं. मी पाणी प्यायला बाहेर गेलो नि परत आलो, तर पुन्हा ‘नमस्कार डॉक्टर’, त्याच सुरात. त्यांची बायको दोन तास त्याच पाच प्रश्नांची उत्तरं देऊन थकली होती. शेवटी तिनं औषधाच्या पाकिटावर लिहून दिलं: ‘आपण दवाखान्यात आहोत. पॅरालिसिस नाही. मुलगा येतोय.’ त्यांनी वाचलं, ‘बरं, बरं’ म्हणाले, घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, ‘आपण इथं का आलोय?’ थोड्या वेळानं खिशात हात गेला तेव्हा चिठ्ठी बघून चकित झाले: ‘हे तू कधी लिहिलंस?’

सोंग करणारा माणूस असं करत नाही. तो ‘मला काहीच आठवत नाही’ म्हणतो आणि बहुधा स्वतःचं नावही ‘विसरतो’, कारण सिनेमात तसं बघितलेलं असतं. खऱ्या स्मृतिलोपात माणूस स्वतःचं नाव विसरत नाही. बाकी सगळं ठीक असून कुणी स्वतःचं नावगाव विसरलाय असं दिसलं, तर आम्ही आधी मनाच्या दुखण्याचा विचार करतो.

आता, असं होतं कसं?

जुन्या पेढीवर तीन गोष्टी असायच्या. समोर एक पाटी, तिच्यावर चालू हिशेब खडूनं लिहायचा आणि लगेच पुसायचा. कीर्द, म्हणजे रोजची वही. आणि खतावणी, जिच्यात त्या नोंदी सावकाश, ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढायच्या. मेंदूचंही साधारण तसंच आहे. मी ‘कांदा, टॉवेल, पिवळा’ म्हटलं आणि तुम्ही लगेच परत म्हटलंत, ते पाटीवरचं काम. ते मुख्यतः कपाळामागच्या आणि बाजूच्या भागातलं, काही सेकंदांचं. लक्ष दुसरीकडे वळलं की पाटी पुसली. खतावणी मेंदूच्या बाहेरच्या सालीभर पसरलेली, तिथं तुमचं बालपण, शाळा, लग्न, पहिला पगार. या दोघांच्या मधे कीर्द लिहिणारा जो मुनीम, तो म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एक-एक, वळलेला, जेमतेम करंगळीएवढा. १५८७ मध्ये इटलीतल्या अरांझी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला तो समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून हे नाव.

त्या दुपारी तुमच्या बाबांच्या पेढीवर दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक येत होतं, माल जात होता. फक्त मुनीम जागेवर नव्हता. काकांचा हिशेब असा आहे की दुकान उघडं होतं म्हणजे नोंद असणारच. हीच गफलत पोलीस करतात, विमा कंपन्या करतात, बायका नवऱ्यांबद्दल करतात आणि आम्ही डॉक्टरही पुष्कळ वर्षं करत होतो.

आमची ती गफलत दूर केली ती एका माणसानं. हेन्री मोलायसन, अमेरिकेतल्या कनेटिकटचा, जन्म १९२६. फिट्स इतक्या यायच्या की काम करणं अशक्य. १९५३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, स्कोव्हिल नावाच्या सर्जननं त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि आजूबाजूचा भाग काढून टाकला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या. बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, बालपण शाबूत. पण त्यानंतरची एकही घटना त्याच्याकडे टिकली नाही. मॉन्ट्रियालच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं आणि दर भेटीत त्यांची नव्यानं ओळख करून द्यावी लागे. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध आला आणि स्मृती मेंदूत सगळीकडे सारखी पसरलेली असते, ही समजूत मोडली. हेन्री २००८ मध्ये गेला, तोवर जगाला तो फक्त ‘एच. एम.’ या अक्षरांनी माहीत होता.

मिल्नरबाईंचा एक प्रयोग तुमच्या कागदावरच्या सहीसाठी महत्त्वाचा आहे. त्यांनी हेन्रीला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला सांगितलं. करून बघा, पहिल्यांदा हात उलटाच जातो. तीन दिवस सराव केल्यावर हेन्रीचा हात सफाईदार झाला. मात्र दर वेळी त्याला वाटे, हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. हाताला येणारी गोष्ट आणि ‘मी हे केलं होतं’ ही आठवण या दोन वेगळ्या वह्या आहेत. हातची वही मेंदूच्या दुसऱ्याच भागांत असते. तुमच्या बाबांनी हजारो प्रगतिपुस्तकांवर केलेली सही त्या दुपारीही हुबेहूब आली असणार. तिच्यावरून एवढंच कळतं की हात त्यांचा होता.

तुम्ही आणखी एक बारीक गोष्ट लिहिलीय, कदाचित तिचं महत्त्व तुमच्या लक्षात आलं नसेल. ते ‘आपण गावी कधी आलो?’ असं विचारत होते. म्हणजे गावी येऊन झालेले चार-सहा दिवसही त्या वेळी त्यांना सापडत नव्हते. आज विचारा, प्रवास, पोरांसाठी आणलेले आंबे, पोराच्या पाठीला बांधायचा डबा कुठून आणला, हे सगळं ते सांगतील. फार तर सूर मारायच्या आधीचा थोडा वेळ धूसर असेल. त्या दिवसांची नोंद झाली होती, फक्त वही हाताशी नव्हती. मुनीम परतला, वही सापडली. दुपारचं पान कोरंच आहे, ते कुठे शोधणार?

हा मुनीम असा अचानक गैरहजर का होतो? हिप्पोकॅम्पसमध्ये सीए-१ नावाचा पेशींचा पट्टा आहे, फार नाजूक. प्राणवायू कमी पडला, साखर उतरली, की आधी तो कुरकुरतो. तुमच्या रिपोर्टमधला ठिपका बहुधा तिथलाच, एक ते पाच मिलिमीटरचा. गंमत म्हणजे तो पहिल्या काही तासांत दिसतच नाही. साधारण २४ ते ७२ तासांत उमटतो आणि काही आठवड्यांनी पुसला जातो. कित्येकांचा एमआरआय त्याच दिवशी होतो, नॉर्मल येतो आणि मग ‘टेन्शनमुळे झालं’ असं सांगून घरी पाठवतात. तुमचा तिसऱ्या दिवशी झाला हे नशीब. काही रिपोर्टांत अशा ठिपक्याला सरळ ‘इन्फार्क्ट’ (रक्त न मिळाल्यानं मेलेला भाग) लिहितात आणि घरात रडारड होते. हे सहसा पक्षाघाताचं लक्षण नसतं.

मूळ कारणावर अजून वाद आहेत. कुणी नसांमधला उलटा दाब म्हणतं, कुणी अर्धशिशीसारखी मेंदूतून सरकणारी लाट. अर्धशिशी असलेल्यांत हे जास्त दिसतं, हे खरं. निमित्तं मात्र सगळ्या जगात तीच: अचानक थंड किंवा गरम पाण्यात शिरणं, श्वास कोंडून जोर लावणं, जड उचलणं, शरीरसंबंध, मोठं भांडण किंवा धक्का. मे महिन्याच्या उन्हात तापलेलं अंग, खोल विहिरीचं गार पाणी, श्वास रोखून सूर, वर्षभरात न झालेली दमछाक, आणि दुपारी वाटणीची बैठक आहे ही रात्रभर डोक्यात असलेली धास्ती. यादीतल्या बऱ्याच गोष्टी एकदम जमल्या. आत्याला सांगा, विहिरीचा संबंध आहे हे तिनं बरोबर ओळखलं. आसरांचं तेवढं सोडून द्या.

आता पेशींत काय होतं ते थोडक्यात. दोन पेशी एकमेकींशी जिथं बोलतात तिथं एनएमडीए नावाची कवाडं असतात. कवाडात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं. अलीकडून ग्लुटामेट या रसायनाचा निरोप यायला हवा आणि त्याच क्षणी पलीकडची पेशी आधीच तापलेली हवी, तरच बूच उडतं, कॅल्शियम आत जातं आणि तो सांधा पक्का होऊ लागतो. ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं की थोडा वेळ विजेचे जोरदार संकेत दिल्यावर असा सांधा तासन्‌तास पक्का राहतो. पण कायमची गाठ बसायला पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात, त्याला तास लागतात. पुढची कामं झोपेत होतात, विशेषतः गाढ झोपेत, जेव्हा हिप्पोकॅम्पस दिवसाच्या नोंदी पुन्हा-पुन्हा घोळवतो. म्हणजे नोंद चुकण्याच्या जागा अनेक: लक्षच नाही, कवाड उघडलं नाही, प्रथिनं बनायच्या आत धक्का बसला, झोप झाली नाही.

कवाड न उघडण्याचं सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण दारू. ‘काल रात्रीचं काही आठवत नाही’ म्हणणारा माणूस बेशुद्ध नव्हता. तो गाणी म्हणत होता, बिल देत होता, दुर्दैवानं गाडीही चालवत होता. अमेरिकेतल्या गुडविन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९७० च्या सुमारास दारूच्या आहारी गेलेल्या लोकांना देखरेखीखाली चार तासांत भरपूर व्हिस्की पाजली आणि मग प्रसंग दाखवले. एकात संशोधक हातात झाकलेला तवा घेऊन विचारतो, भूक लागलीय का? झाकण काढलं तर आत तीन मेलेले उंदीर. असलं दृश्य कुणी विसरेल? दोन मिनिटांनी विचारलं तर सांगता येत होतं. अर्ध्या तासानं काही जणांच्या मनातून ते साफ गेलेलं, दुसऱ्या दिवशीही गेलेलंच. पाटी चालू, कीर्द बंद. अल्कोहोल ती एनएमडीएची कवाडं दाबून धरतं. यात किती प्यायली यापेक्षा किती भराभर प्यायली हे जास्त बाधतं. रिकाम्या पोटी, घटाघटा, रक्तातली पातळी झपकन चढली की नोंद बंद. लग्नाच्या आदल्या रात्रीच्या पार्ट्यांत चाळिशीतली माणसंसुद्धा दुसऱ्या दिवशी एकमेकांना ‘मी काही बोललो का रे?’ असं विचारत फिरतात, त्यातल्या काहींची मेंदूची तपासणी करायची गरज नसते, चकणा आधी खायची असते. वारंवार होत असेल तर मात्र ती थट्टा राहत नाही.

झोपेच्या गोळ्यांचंही तेच, आणि त्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण दारू पिणारा निदान कबूल करतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही नावं आपल्याकडे घरोघरी आहेत. शेजारणीला लागू पडली म्हणून घेतलेली, दहा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर अजून आणलेली. एक बाई माझ्याकडे आल्या, ‘रात्री घरात कुणीतरी स्वयंपाकघरात जातं, सकाळी डबे उघडे असतात.’ सुनेवर संशय. गोळी घेऊन त्या लगेच झोपायच्या नाहीत, मालिका बघत बसायच्या. मग उठून स्वतःच चिवडा खायच्या. गोळीची वेळ बदलली, मग हळूहळू गोळीच कमी केली, तसं चोरी थांबली. (अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, फिट येऊ शकते.) एंडोस्कोपीच्या आधी गुंगीसाठी मिडाझोलाम देतात तेव्हाही हेच. पेशंट डावीकडे वळा म्हटलं की वळतो, आवंढा गिळा म्हटलं की गिळतो, आणि बाहेर येऊन म्हणतो, ‘मला तर झोपवूनच केलं.’ त्यानंतर लगेच सांगितलेला रिपोर्ट त्याच्या डोक्यात राहत नाही, म्हणून तो नातेवाइकांसमोर सांगायचा असतो. हे न पाळल्यामुळे दवाखान्यांत झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

डोक्याला मार लागतो तेव्हा वेगळं. दुचाकी खड्ड्यात जाते, माणूस उठतो, टपरीवर बसून चहा घेतो, फोन लावतो, आणि रुग्णालयात पोचल्यावर विचारतो, ‘मला इथं कुणी आणलं?’ धडकेआधीची काही मिनिटंही गेलेली असतात, कारण त्या नोंदींची गाठ अजून ओली होती. नंतरचा किती काळ कोरा आहे, यावरून मेंदूला मार किती बसला याचा अंदाज आम्ही घेतो. ‘समोरून ट्रक कुठल्या बाजूनं आला, आठवा, आठवा’ असं त्याला पुन्हा-पुन्हा विचारलं की तो बिचारा शेवटी काहीतरी सांगतो. खोटं बोलत नाही, ऐकलेले तुकडे जोडतो. मग ते जबाबात जातं.

ही जोडाजोड सगळ्यात ठळक दिसते ती कोर्साकोफच्या आजारात. सर्गेई कोर्साकोफ या रशियन डॉक्टरनं तो १८८७ मध्ये वर्णन केला. बी-१ जीवनसत्त्व संपलं की स्मृतीच्या वाटेवरची काही लहान केंद्रं जळतात. बी-१ चा साठा शरीरात काही आठवड्यांपुरताच असतो. लोक समजतात हा फक्त दारुड्यांचा आजार. मला आठवते ती तिसऱ्या महिन्यातली एक मुलगी. पाच आठवडे उलट्या, अन्न टिकत नाही, आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणून कुठेतरी ग्लुकोजच्या बाटल्यांवर बाटल्या लावलेल्या, बी-१ शिवाय. ग्लुकोज वापरायला बी-१ लागतं, त्यामुळे उरलंसुरलंही संपलं. डोळे नीट फिरत नव्हते, चालताना झोक जायचा, आणि सकाळी काय खाल्लं विचारलं तर छान सांगायची: ‘आईनं थालीपीठ केलं होतं.’ आई गावाला होती. थालीपीठ नव्हतं. बी-१ ची साधी इंजेक्शनं, फार स्वस्त. तिची चाल सुधारली, डोळे सुधारले. स्मरण पूर्ण सुधारलं नाही.

बाकीची कारणं भराभर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं आणि साखर उतरली. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून कार्बन मोनॉक्साइड भरला, आपल्याकडे दर हिवाळ्यात होतं हे. हृदय काही मिनिटं थांबून पुन्हा सुरू झालं. हर्पीसच्या विषाणूचा मेंदूज्वर. आणि फिटचा एक चोरटा प्रकार, ज्यात हातपाय झडत नाहीत, फक्त अर्धा-पाऊण तास नोंद थांबते, बऱ्याचदा पहाटे उठल्या-उठल्या, आणि वर्षातून अनेकदा होतं. बाबांना हे पुन्हा-पुन्हा झालं, तासाभराच्या आत संपलं, सोबत ओठ चघळल्यासारखे हलणं किंवा विचित्र वास येणं असलं काही दिसलं, तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, करायला सांगा.

आता तुम्ही विचारलेलं नाही पण विचारणार आहात ते. ‘मीसुद्धा चाव्या विसरतो, माझं काय?’ डोळे मिटा आणि सांगा, वीस रुपयांच्या नव्या नोटेच्या मागच्या बाजूला कशाचं चित्र आहे? रोज हाताळता. आपल्या महाराष्ट्रातलंच आहे, वेरूळच्या लेण्यांचं. माझ्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारतोय, डॉक्टर, वकील, दुकानदार, सगळे अडखळतात. नोट ओळखायला हिरवट-पिवळा रंग आणि आकडा पुरतो, म्हणून बाकीचं मेंदू उचलतच नाही. चावी ठेवताना तुम्ही फोनवर होतात. तो मुनीमाचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे चिठ्ठीवर विसरलेल्या गोष्टींची यादी घेऊन एकटे येणारे लोक बहुधा चिंतेनं, अपुऱ्या झोपेनं, कधी थायरॉइडनं किंवा बी-१२ च्या कमतरतेनं गांजलेले निघतात. मला जास्त काळजी वाटते ती मुलगा घेऊन आलेल्या आणि ‘मला काहीच त्रास नाही’ म्हणणाऱ्या आजोबांची. ‘काल जेवायला काय होतं?’ असं विचारलं की ते उत्तर द्यायच्या आधी मान वळवून आजींकडे बघतात. अल्झायमर हिप्पोकॅम्पसच्या अगदी दारातून आत शिरतो, म्हणून जुन्या कविता धडाधड येतात आणि सकाळची भाजी येत नाही. पण तिथं सगळं महिन्या-महिन्यांनी सरकतं.

बाबांसाठी काय करायचं? एकदा रक्तदाब, साखर, ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्या बघून घ्या, त्या वयात ते तसंही बघायचंच असतं. ‘लहान अटॅक’ समजून रक्त पातळ करायची गोळी सुरू केली असेल तर स्वतः बंद करू नका, पण न्यूरॉलॉजिस्टला एमआरआयची फिल्म दाखवून ती खरंच हवी का हे विचारा. फक्त या स्मृतिलोपासाठी ती लागत नाही. पुन्हा कधी असं झालं, त्यांना किंवा कुणालाही, तर ‘मागच्या वेळी आपोआप बरं झालं’ म्हणून घरी बसू नका. तोंड वाकडं, जीभ जड, हातात शक्ती नाही, ताप, भयंकर डोकेदुखी, डोक्याला मार, मधुमेहाची औषधं, यातलं काहीही सोबत असेल तर एक मिनिट दवडू नका. आणि ते प्रश्न विचारत असताना ‘किती वेळा सांगू?’ म्हणून ओरडू नका. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी एकदाच विचारलेलं असतं.

त्या दुपारचे फोटो आणि व्हिडिओ असतील तर दाखवा, हरकत नाही, कोऱ्या पानाची भीती त्यानं कमी होते. फक्त वर्षभरानं ते ‘हो, मला आठवतंय, मी पारावर बसलो होतो’ म्हणाले तर ती त्या दुपारची आठवण समजू नका. ती त्या व्हिडिओची आठवण असेल.

राहिली सही. कायद्याचं वकिलाला विचारा. डॉक्टर म्हणून मी इतकंच लिहून देईन की त्या वेळी त्यांना दोन मिनिटांपूर्वीचं वाक्य हाताशी नव्हतं. ओढ्याकडचा तुकडा कुणाला आणि वरचा कुणाला, हे ऐकून, तोलून, मागच्याशी ताडून ठरवायला जे लागतं ते त्यांच्याकडे नव्हतं. ‘चालेल’ हे त्यांनी शेवटच्या वाक्याला दिलेलं उत्तर होतं. काकांनी कपट केलं असंही नाही, समोर बसलेला माणूस नीट बोलत होता, कुणालाही कळलं नसतं. तेव्हा कागद बाजूला ठेवा आणि बैठक पुन्हा घ्या. पोहायलाही बंदी नाही, फक्त सूर नको, पायऱ्यांनी उतरू द्या, अंगावर पाणी घेऊन मग आत जाऊ द्या, आणि पोहता येणारं कुणीतरी काठावर हवं. दोन्ही एकाच दिवशी असतील तर आधी बैठक, मग विहीर.